प्रवाह आणि लाट : व्हर्जिनिया वुल्फ ह्यांच्या कादंबरीतील जलप्रतिमा व निवेदनपद्धती

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतील इंग्रजी कादंबरीचा विचार करताना दोन गोष्टी एकत्र येतात. एक, त्या काळातील प्रमुख कादंबरीकारांच्या लेखनात समुद्र, नदी, भरती-ओहोटी, लाट, थेंब ह्या प्रतिमांची वारंवारता. दुसरी, त्यांच्या निवेदनपद्धतीला समीक्षेने दिलेले नावही पाण्यावरूनच घेतलेले असणे. मराठीत ‘संज्ञाप्रवाह’ म्हणून जी संज्ञा रूढ झाली, ती ह्याच नावाचा मराठी अवतार होय. ह्या योगायोगामुळे एक समज सहजच बळावला : मन हे प्रवाहासारखे वाहते, म्हणून त्याचे चित्रण करणारी कादंबरीही वाहती, आणि ती वाहती असल्यामुळेच तिच्यात पाणी फार. हा समज जॉइससारख्या लेखकाच्या बाबतीत काही अंशी टिकतो. व्हर्जिनिया वुल्फ ह्यांच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. त्यांच्या गद्यातील पाणी बहुतांशी नदीचे नसून समुद्राचे आहे, आणि त्यांच्या रचनेचा घटक प्रवाह नसून लाट आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. त्यावर त्यांच्या कादंबऱ्यांचे आकलन अवलंबून आहे.

१

प्रथम संज्ञेचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. विल्यम जेम्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली मानसशास्त्राच्या तत्त्वांवरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात विचाराच्या प्रवाहावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. विचार ही सुट्या कड्यांची साखळी आहे, ही तोवर प्रचलित असलेली कल्पना त्याने नाकारली आणि तिच्या जागी नदीचे रूपक सुचविले. परंतु त्याच प्रकरणात त्याला दुसऱ्याही एका रूपकाची गरज भासली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पक्षी जसा उडतो आणि मध्येच फांदीवर टेकतो, तशी विचाराचीही उड्डाणे व विश्रामस्थाने असतात, असे तो म्हणतो. अर्थात ज्याने नदीचे रूपक रूढ केले त्यालाही ते अपुरे वाटले. अखंड वाहण्याबरोबरच थांबे, अंतरे व ताल ह्यांचाही हिशेब त्याला द्यावयाचा होता.

साहित्यसमीक्षेत ही संज्ञा आणण्याचे श्रेय मे सिंक्लेअर ह्या लेखिकेकडे जाते. १९१८ च्या एप्रिलमध्ये ‘द इगोइस्ट’ ह्या नियतकालिकात डॉरोथी रिचर्डसन ह्यांच्या कादंबऱ्यांवर लिहिताना तिने ती वापरली. रिचर्डसन ह्यांच्या दीर्घ कादंबरीमालेचे तोवर तीन खंड निघाले होते. स्वतः रिचर्डसन ह्यांना मात्र ही संज्ञा कधीच पसंत पडली नाही. पुढे जॉइस व वुल्फ ह्यांचे लेखन प्रसिद्ध झाल्यावर हेच नाव सर्वांना सरसकट लावण्यात आले, आणि तीन अगदी भिन्न प्रकृतीचे लेखक एका नदीच्या काठी येऊन बसले.

२

पाणी हे कथनाचे केवळ स्थळ न राहता त्याचे नियामक तत्त्व बनू शकते, ह्याचा एक निर्णायक नमुना जोसेफ कॉनरॅड ह्यांनी शतकाच्या आरंभापूर्वीच घालून दिला होता. १८९९ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ह्या दीर्घकथेत टेम्स नदीच्या मुखाजवळ एक लहान नौका ओहोटीची वाट पाहत उभी आहे. तोवर काही काम नाही म्हणून मार्लो आपली आफ्रिकेतील हकीकत सांगू लागतो. पाण्याने दिलेला अवकाश हाच येथे कथेचा अवकाश आहे. गोष्ट संपते तेव्हा ओहोटीचा पहिला वेग निघून गेलेला असतो : सांगण्याच्या भरात प्रयाणाची वेळ टळते. कथन आणि पाणी ह्यांचा हा संबंध बाह्य आहे. पाणी कथेला वेळ देते, परंतु वाक्याच्या आत शिरत नाही.

जॉइस ह्यांनी पाण्याला वाक्याच्या आत नेले, पण निराळ्या मार्गाने. ‘युलिसिस’ (१९२२) च्या उपान्त्य प्रकरणात ब्लूम किटलीसाठी नळ सोडतो, आणि प्रश्नोत्तररूप निवेदन त्या पाण्याचा माग विक्लो परगण्यातील राउंडवुड जलाशयापासून डब्लिनमधील त्या स्वयंपाकघरापर्यंत काढते. मागोमाग जलतत्त्वाच्या गुणांची एक प्रचंड यादी येते. ‘फिनेगन्स वेक’ (१९३९) मध्ये लिफी नदी हीच स्त्री होते. त्या स्त्रीवरील भाग १९२८ सालीच स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाला होता, आणि त्यात जगातील शेकडो नद्यांची नावे शब्दांच्या पोटात दडविलेली आहेत. ह्या ग्रंथाचे अखेरचे वाक्य अपुरे सोडलेले असून ते पहिल्या पानावरील अर्धवट वाक्याला जाऊन मिळते. नदी समुद्राला मिळते, वाफ होते, पाऊस होते आणि पुन्हा उगमाशी येते. हे प्रवाहाचे तत्त्व होय, आणि प्रवाह ही संज्ञा येथे खरोखर सार्थ आहे.

३

वुल्फ ह्यांच्या पाण्याचा उगम वेगळा आहे आणि तो भूगोलाने निश्चित करता येतो. व्हर्जिनिया स्टीफन ह्यांचा जन्म २५ जानेवारी १८८२ रोजी लंडनमध्ये झाला. त्याच वर्षापासून १८९४ पर्यंत स्टीफन कुटुंब दर उन्हाळ्यात कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्‌ज ह्या गावी टॅलंड हाऊस नावाच्या भाड्याच्या घरात राहत असे. घरातून उपसागर दिसे व त्यापलीकडे गॉड्रेव्हीचे दीपगृह दिसे. १८९५ च्या मे महिन्यात आई वारली आणि ते घर सुटले. वुल्फ ह्यांनी १९३९ साली लिहावयास घेतलेल्या व त्यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सर्वांत महत्त्वाची म्हणून जी आठवण नोंदविली आहे, ती ह्याच घरातील आहे. मुलांच्या खोलीत अर्धवट झोपेत पडून राहणे, पिवळ्या पडद्याआड किनाऱ्यावर लाट फुटल्याचा आवाज ऐकणे, आणि एक, दोन, एक, दोन असा तो ताल मोजणे.

ह्या आठवणीत पाणी दिसत नाही. ते ऐकू येते. आणि जे ऐकू येते ते वाहणे नव्हे, तर उठणे, पडणे आणि त्यांमधील नि:शब्द क्षण. वुल्फ ह्यांच्या पुढील सर्व प्रयोगांचे बीज ह्या भेदात आहे. १९२६ च्या मार्चमध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ह्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी शैली म्हणजे सर्वस्वी लय होय, असे मत मांडले आहे. एखादे दृश्य किंवा भावना मनात प्रथम लाट उठविते, शब्द मागाहून येतात, आणि लेखकाचे काम ती लाट पुन्हा पकडून तिला गती देण्याचे असते, असा त्या मताचा आशय आहे. कादंबरीकाराने कथानकाऐवजी लयीला प्राधान्य देणे हे त्या काळच्या इंग्रजी परंपरेत लहानसहान धाडस नव्हते.

४

हे धाडस एकाएकी सिद्धीस गेले नाही. पहिल्या कादंबरीत, ‘द व्हॉयेज आउट’ (१९१५) मध्ये, पाणी आहे ते मुख्यतः प्रवासाचे साधन म्हणून. रेचेल व्हिनरेस ही तरुणी जहाजाने दक्षिण अमेरिकेस जाते व तेथे तापाने मरण पावते. आजारपणाच्या भ्रमात ती पाण्याखाली असल्याचा भास तिला होतो खरा, पण निवेदनाची घडण अद्याप जुनीच आहे. ‘जेकब्‌ज रूम’ (१९२२) ही कादंबरी कॉर्नवॉलच्या वाळवंटावर सुरू होते आणि महायुद्धात मेलेल्या तरुणाच्या रिकाम्या खोलीत संपते. येथे निवेदन प्रथमच तुटते. दोन प्रसंगांच्या मध्ये मोकळी जागा सोडली जाते आणि वाचकाने ती भरावयाची असते. ह्या मोकळ्या जागा म्हणजे दोन लाटांमधील अंतरे आहेत, हे पुढच्या कादंबऱ्या वाचल्यावर कळते.

‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) मध्ये समुद्र नाही. सारी कथा जूनमधील एका दिवसात लंडनमध्ये घडते. तरीही लाटेने निवेदनाचा ताबा प्रथम येथेच घेतला. क्लॅरिसा आपला हिरवा पोशाख शिवीत बसली आहे. सुई जाते, येते, घड्या जमतात, आणि त्याबरोबर उन्हाळ्यातील लाटा जमून, तोल जाऊन, कोसळू लागतात. वाक्यही तसेच जमते, अर्धविरामांवर रेंगाळते आणि खाली येते. शेवटी दूरवर भुंकणारा कुत्रा ऐकू येतो. पुढे कितीतरी पानांनंतर सेप्टिमस स्मिथ, युद्धाने मन विदीर्ण झालेला सैनिक, आपल्या खोलीत कोचावर पडलेला असतो. त्यालाही पाण्याचा आवाज येतो, आपला हात लाटांवर तरंगत असल्याचे भासते, आणि त्यालाही दूर किनाऱ्यावर कुत्री भुंकताना ऐकू येतात. शेक्सपिअरच्या एकाच गीतातील तेच शब्द दोघांच्याही मनात येतात. ही दोन माणसे कादंबरीत एकमेकांस कधीही भेटत नाहीत. त्यांच्यात नाते नाही, ओळख नाही, वर्ग समान नाही. त्यांना जोडणारे कथानक लेखिकेने रचलेलेच नाही. जोडते ती लाट. जुन्या कादंबरीत जे काम योगायोग, पत्रव्यवहार किंवा वारसा करीत असे, ते येथे प्रतिमेची पुनरावृत्ती करते. जलप्रतिमा ही अलंकार नसून निवेदनाचे साधन आहे, ह्या विधानास याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

५

‘टू द लाइटहाऊस’ (१९२७) मध्ये सेंट आइव्ह्‌जचा समुद्र परत येतो, मात्र कथा स्कॉटलंडलगतच्या स्काय बेटावर नेलेली आहे. पहिल्या भागात मिसेस रॅम्झे खिडकीत बसलेली असते. पुरुषांचे बोलणे व मुलांच्या खेळण्याचे आवाज एकाएकी थांबतात आणि तिला किनाऱ्यावर पडणाऱ्या लाटा ऐकू येतात. त्या सारा वेळ पडतच होत्या. एरवी अंगाईसारखा वाटणारा हा आवाज त्या क्षणी विनाशाचा नगारा होतो. तीच लाट, तेच अंतर, परंतु ऐकणाऱ्या मनाच्या स्थितीनुसार तिचा अर्थ उलटतो. प्रतिमेला ठरीव अर्थ न देता तिला दोन विरुद्ध अर्थांमध्ये हेलकावत ठेवणे, ही वुल्फ ह्यांची खास रीत आहे. त्याच संध्याकाळच्या भोजनप्रसंगी मेणबत्त्या लागतात, खिडक्यांच्या काचा काळ्या होतात, आणि आतले जग कोरडी, सुव्यवस्थित भूमी तर बाहेरचे जग पाण्यासारखे डळमळणारे भासते. सभ्यता म्हणजे पाण्यात उभारलेले एक लहानसे बेट, आणि ते मेणबत्त्या जळेपर्यंतच टिकणारे.

दुसऱ्या भागात हे बेट बुडते. दहा वर्षे जातात. रिकाम्या घरात वारा, ओल आणि अंधार शिरतात. मिसेस रॅम्झेचा मृत्यू, मुलगी प्रू हिचा बाळंतपणाशी निगडित मृत्यू, मुलगा अँड्र्यू ह्याचा फ्रान्समधील रणभूमीवर मृत्यू, ह्या तिन्ही वार्ता चौकटी कंसांत एकेका ओळीत उरकलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीत ज्या प्रसंगांना प्रकरणेच्या प्रकरणे मिळाली असती, त्यांना येथे कंस मिळतो. ह्याला निर्दयता म्हणणे चुकीचे होईल. पहिला भाग ही एक चढलेली लाट आहे, तिसरा भाग दुसरी. मधला भाग म्हणजे त्या दोहोंमधील खळगा. खळग्यात माणसे असत नाहीत, असतो तो केवळ काळ. महायुद्धाने कुटुंबांच्या इतिहासात पाडलेले भगदाड वर्णनाने भरण्यापेक्षा रचनेतच भगदाड ठेवून दाखविणे लेखिकेला अधिक प्रामाणिक वाटले असावे.

६

ह्या सर्व प्रयत्नांची परिणती ‘द वेव्हज’ ह्या कादंबरीत झाली. तिची चाहूल लेखिकेच्या रोजनिशीत ३० सप्टेंबर १९२६ ह्या तारखेखाली सापडते. ओसाड जलविस्तारात दूरवर एक पर दिसून नाहीसे व्हावे, असा काहीसा भास त्या दिवशी नोंदविलेला आहे. माशाचे हे पर पुढे कादंबरीत बर्नार्डच्या तोंडी येते. त्याच नोंदीत डबके ओलांडता न आल्याची लहानपणीची एक आठवण आहे, ती ऱ्होडा ह्या पात्राच्या वाट्यास आली. प्रत्यक्ष लेखनास १९२९ च्या जुलैमध्ये प्रारंभ झाला. तेव्हा ग्रंथाचे नाव पतंगांवरून योजलेले होते. पतंग गेले आणि लाटा आल्या. हा बदल अर्थपूर्ण आहे. पतंग दिव्याभोवती जमतात, त्यांना केंद्र असते. लाटांना केंद्र नसते. ७ फेब्रुवारी १९३१ रोजी अखेरचे शब्द लिहून झाले आणि ८ ऑक्टोबर १९३१ रोजी हॉगर्थ प्रेसने पुस्तक प्रसिद्ध केले. लेखन चालू असता वुल्फ ह्यांनी नोंदविले होते की हे पुस्तक आपण कथानकानुसार नव्हे, लयीनुसार लिहीत आहोत. दोन हस्तलिखित खर्डे जे. डब्ल्यू. ग्रॅहॅम ह्यांनी १९७६ साली संपादित करून प्रकाशात आणले.

ग्रंथाची घडण वरकरणी साधी आहे. बर्नार्ड, सुसान, ऱ्होडा, नेव्हिल, जिनी व लुई ही सहा पात्रे बालपणापासून वार्धक्यापर्यंत आळीपाळीने बोलतात. त्यांच्या भाषणांच्या मधूनमधून समुद्रकिनाऱ्याची नऊ वर्णने येतात. त्यांत सूर्य उगवण्यापूर्वीपासून मावळेपर्यंतचा एक दिवस क्रमाने पुढे सरकतो. पात्रांची भाषणे साध्या वर्तमानकाळात आहेत, वर्णने भूतकाळात. पात्रांचे आयुष्य म्हणजे साठ-सत्तर वर्षे. समुद्राचे आयुष्य म्हणजे एक दिवस. दोन भिन्न परिमाणांचे काळ एकमेकांवर ठेवल्यामुळे माणसाचे अवघे जीवन एका दिवसाच्या भरती-ओहोटीएवढे दिसते. अखेरीस बर्नार्ड मृत्यूला आव्हान देतो, आणि त्यानंतर एकाच ओळीत लाटा फुटल्याचे सांगून ग्रंथ संपतो. त्या ओळीने बर्नार्डचा पराभव सांगितला की त्याचे आव्हान पुढे चालविले, ह्याचा निर्णय ग्रंथ देत नाही. मिसेस रॅम्झेला ऐकू आलेल्या लाटेप्रमाणेच ही लाटही दुहेरी आहे.

वाक्यरचनेची पाहणी केल्यास प्रवाहाची कल्पना येथे किती गैरलागू आहे ते कळते. सहाही जण एकाच घाटाच्या, तोलदार, पुनरावृत्त वाक्यांत बोलतात. लहान मूल आणि प्रौढ पुरुष ह्यांच्या भाषेत जवळजवळ भेद नाही. जॉइसच्या मॉली ब्लूमचे विरामचिन्हविरहित आत्मगत बाजूस ठेवून पाहिले तर अंतर तत्काळ जाणवते. मनात जसे येते तसे टिपून घेण्याचा वुल्फ ह्यांचा दावाच नाही. मनात जे येते त्याला लय देऊन उच्चारक्षम करणे, हे त्यांचे प्रयोजन आहे. आणि पाण्याची रूपेही वेगवेगळी आहेत. बालपणी स्पंजातून पाठीवर पिळलेले पाणी बर्नार्डला देहाची पहिली जाणीव देते. ऱ्होडा तपकिरी भांड्यात पांढऱ्या पाकळ्यांची जहाजे हेलकावते. मध्यम वयात बर्नार्डला काळ हा थेंबासारखा जमून ओघळताना दिसतो. एकही रूप नदीचे नाही.

७

भारतीय वाचकाचा संबंध ह्या ग्रंथाशी आणखी एका बाजूने येतो. ज्या पर्सिव्हलभोवती सहाही जणांचे प्रेम एकवटले आहे, तो स्वतः एक शब्दही बोलत नाही. तो हिंदुस्थानात जातो आणि तेथे घोड्यावरून पडून मरतो. तो अडकलेली बैलगाडी सरळ करीत आहे आणि लोक त्याच्याभोवती देवासारखे गोळा झाले आहेत, असे चित्र बर्नार्ड कल्पनेने रंगवितो. वास्तवात मात्र त्याचा मृत्यू कोणत्याही पराक्रमाविना होतो. एका वर्णनात तर किनाऱ्यावर चालून येणाऱ्या लाटांना पागोटे घातलेल्या, विषारी भाले उगारलेल्या योद्ध्यांची उपमा दिली आहे. जेन मार्कस ह्यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ह्या अंगाकडे लक्ष वेधले आणि लाटांवर ब्रिटनचे राज्य असल्याची ग्वाही देणाऱ्या देशभक्तिपर गीताशी ग्रंथाच्या नावाचा संबंध जोडला. हे वाचन सर्वांना मान्य झालेले नसले, तरी एवढे निश्चित की वुल्फ ह्यांचा समुद्र केवळ अंतर्मनाचा समुद्र नाही. त्यावरून जहाजे जात होती, आणि ती कोठे जात होती हे लेखिकेला ठाऊक होते.

लाट हा ग्रंथाचा घटक असू शकतो ही कल्पना ह्या देशात नवी नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ ह्या ग्रंथाचे १८ लंबक व १२४ तरंग आहेत, आणि कल्हणाची ‘राजतरंगिणी’ आठ तरंगांत विभागलेली आहे. परंतु तेथे तरंग हे विभागाचे नाव आहे. एका कथेतून दुसरी निघावी, एका राजामागून दुसरा यावा, एवढाच त्या रूपकाचा व्याप. तसेच लाट व पाणी ह्यांच्या अभेदाचा वेदान्तातील दृष्टान्तही वुल्फ ह्यांच्यावर लादणे बरे नव्हे. बर्नार्ड आपण एक नसून सहा आहोत असे म्हणतो, तेव्हा त्यास अद्वैताचा आनंद होत नाही. आपण नेमके कोण, हा प्रश्न त्याला अधिकच छळतो.

८

व्हर्जिनिया वुल्फ ह्यांनी २८ मार्च १९४१ रोजी रॉडमेलजवळ ऊझ नदीत जीव दिला. ह्या घटनेने त्यांच्या जलप्रतिमांच्या वाचनावर दीर्घकाळ सावली धरली आहे. प्रत्येक लाटेत भावी मृत्यूची सूचना शोधणारी टीका इतिहासाच्या दृष्टीने सदोष आहे, कारण ती कालक्रम उलटा करते. १९२७ व १९३१ मधील पुस्तके १९४१ मधील घटनेचे पुरावे नव्हेत. त्या पुस्तकांतील पाणी पाळण्याशेजारी ऐकलेल्या तालातून आले, आणि त्या तालाने लेखिकेला आयुष्यभर वाक्ये दिली. कादंबरीतील लाटेचा अर्थ मृत्यू असा एकदा ठरविला, म्हणजे ‘मिसेस डॅलोवे’ मधील शिवणकामाची शांतता, खिडकीतील अंगाई आणि बर्नार्डच्या पाठीवरचे पाणी ही सर्व निरर्थक होतात.

मराठीत संज्ञाप्रवाहाची चर्चा प्रामुख्याने बा. सी. मर्ढेकर ह्यांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) पासून सुरू होते. वसंत कानेटकर ह्यांची ‘घर’ (१९५१) हीही त्याच चर्चेत येते. संज्ञा आता रूढ झाली आहे आणि ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु ती वापरताना तिच्या पोटातील रूपक तपासून घेणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. ज्या लेखनात मन खरोखर वाहते, तेथे प्रवाह म्हणावे. जेथे ते उठते, थांबते, कोसळते आणि दोन आवाजांमधील शांततेत काही सांगते, तेथे त्या शांततेचाही हिशेब घ्यावा लागतो. पिवळ्या पडद्याआड पडून राहिलेल्या त्या मुलीने मोजल्या त्या लाटा होत्या, आणि मोजता येण्यासाठी दोन लाटांच्या मध्ये अंतर असावे लागते.